रजेची वस्तू

आमच्या बोईसरच्या इमारतीत दर जानेवारीत एक सोहळा होतो. त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही, पण तो चुकत नाही. इथली सोळाही बिऱ्हाडं तारापूरच्या कारखान्यांवर जगणारी. डिसेंबरात प्रत्येकाच्या कारखान्यात एक कागद फिरतो: वर्षाच्या उरलेल्या रजा ठेवायच्या की विकायच्या? आम्ही विकतो. सगळे विकतो. जानेवारीत पगाराबरोबर रजांचे पैसे येतात आणि पुढच्या रविवारी जिन्यातून खोके वर चढायला लागतात. मग दारं उघडतात. घरची बाई वस्तूवर कुंकवाचं स्वस्तिक काढते, झेंडूचा हार घालते. शेजारी येतात, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी वस्तूच्या पाठीवर थाप मारतात, पेढा खातात, आणि आपली वस्तू आता जुनी झाली म्हणून तोंड पाडून घरी जातात. संक्रांतीला तिळगुळाच्या आधी एकच प्रश्न, "काय घेतलं यंदा?" तिसऱ्या मजल्यावरचा बिहारकडचा वेल्डर तर जिन्यातच गाठायचा, "भाईसाहब, इस साल क्या उठाया?"

हा वेडेपणा मी लांबून बघत होतो असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी त्या वेड्यांचा म्होरक्या होतो. रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी स्टोअर सांभाळलं. नट, बोल्ट, गमबूट, हातमोजे. मागणीचा कागद आणा, सही करा, वस्तू न्या. माझ्या स्टोअरातून सहीशिवाय कधी एक वॉशर गेला नाही याचा मला एवढा ताठा होता की घरीही मी स्टोअरकीपरच राहिलो. बायकोनं नवीन चादर मागितली तर मी आधी विचारायचो, जुनी फाटली का?

आमच्या घरात शिरलात तर माझी सगळी न घेतलेली सुट्टी तुम्हाला ओळीनं दिसेल. दाराशी फ्रिज. त्याच्या समोर सोफा, त्यावरचं प्लास्टिक आजवर काढलेलं नाही. मे महिन्यात पाहुणा उठला की ते टर्रकन आवाज करतं आणि पाहुणा ओशाळतो. भिंतीला शोकेस, त्यात बारा कप. त्या कपांतून कुणी चहा प्यालेलं मला आठवत नाही. आतल्या खोलीत एसी. तो पाहुण्यांसाठी. त्याचा रिमोट कॅरीबॅगमध्ये गुंडाळून, वर रबरबँड लावून, कपाटात ठेवलेला असतो, आणि त्या एसीच्या बरोबर खाली आम्ही दोघं पंखा लावून झोपतो. बिल येईल ना! घरात एवढी यंत्रं झाली की त्यांना धक्का न लावता संडासाला जाणं ही एक कसरत झाली.

बायकोला यातलं काही नको होतं. तिला सायकल शिकायची होती.

हे तिच्या डोक्यात आलं लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. कारखान्याची सहल केळव्याला गेली होती. आम्ही दोघंही सोलापूरकडचे. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला आणि मला वाटलं, आता ही लाटांकडे बघून काहीतरी बोलेल. ती लाटांकडे बघतच नव्हती. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, आणि मागं राहिलेल्या घट्ट ओल्या वाळूवरून गावातली एक बाई सायकलवर चालली होती. लुगडं नेसलेली, मागं कॅरिअरवर विड्याच्या पानांची गाठोडी. माझी बायको ती बाई दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "इथं पडलं तरी लागायचं नाही."

तिच्या माहेरी सायकल होती. दोन्ही भाऊ चालवायचे. दसऱ्याला ती धुवायची, तारा पुसायच्या, हँडलला झेंडू बांधायचा, ही कामं हिची. बसायचं नाही. मुलीनं सायकलवर बसलं तर काय होतं ते तिच्या घरी कुणी कधी सांगितलं नाही. डोळे वटारले की सांगितल्यासारखंच. म्हणून तिचा हिशेब साधा होता. आठ दिवस केळव्यात एखादी खोली घ्यायची, ओहोटीला वाळूवर जायचं, शिकायचं. "मागून धरायला माणूस लागतो," ती म्हणायची. "तुम्ही धराल ना?"

धरीन म्हणालो. का नाही म्हणणार? फुकटचं होतं.

मग दर डिसेंबरात ती विचारायची आणि दर डिसेंबरात मी त्या कागदावर 'विकणे' या चौकोनात बरोबरची खूण करून यायचो. यंदा फ्रिज होऊ दे. यंदा मुलीच्या बारावीचं वर्ष. यंदा शेजाऱ्यांनी एवढा मोठा टीव्ही घेतलाय, आपला बघवत नाही. आमची एकुलती मुलगी शिकली, तिचं लग्न झालं, ती बडोद्याला गेली, तरी केळवे काही आम्हाला सापडेना. बोईसरहून पालघर, पालघरहून माहीम, माहीमच्या पुढं केळवे. स्कूटरवर तासाभराचा रस्ता. लोक काशीला जाऊन येतात, मला केळवे जमलं नाही.

आता माझ्या अकलेचा सगळ्यात मोठा पुरावा सांगतो. तीन वर्षांपूर्वी मला तिची दया आली. पन्नाशी ओलांडलेली बाई, म्हटलं, तिची हौस पुरवू. पण या वयात वाळूत पडली, खुबा मोडला तर? मी विचार केला, दुकानं पालथी घातली, आणि त्या वर्षीच्या सगळ्या रजा विकून व्यायामाची सायकल घेऊन आलो. जागची न हलणारी. पडायची भीती नाही, मागून धरायला माणूस नको, ओहोटीची वाट बघायला नको. स्वतःवर मी इतका खूश होतो की पेढे नेहमीपेक्षा जास्त आणले.

शेजार जमला. "वहिनींची हौस पुरवलीत हं," सगळे म्हणाले. समोरच्या भाऊंनी तर आपल्या बायकोकडे बघून मान हलवली, शिका काहीतरी अशा अर्थानं. बायकोनं स्वस्तिक काढलं. हार घातला. लोकांनी आग्रह केला म्हणून पदर खोचून ती वर बसली आणि पायडल मारायला लागली. समोर गॅलरीची जाळी, जाळीपलीकडे समोरच्या इमारतीची गॅलरी, तिथं वाळत घातलेल्या लुंग्या. मी मीटरकडे बोट दाखवून म्हणालो, "बघ, अर्धा किलोमीटर झालासुद्धा!" तिनं मीटरकडे पाहिलं, मग लुंग्यांकडे पाहिलं, आणि उतरून सगळ्यांना चहा आणायला गेली.

त्यानंतर तिनं डिसेंबरात विचारणं बंद केलं. मला वाटलं, समाधान झालं. सायकलीवर टॉवेल वाळायला लागले तेव्हाही मला वाटलं, सायकल अशी दुहेरी उपयोगाची असणं चांगलंच.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. कारखान्यात अचानक वीज गेली, संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं, आणि आम्हाला घरी सोडलं. एकतीस वर्षांत मी कामाच्या दिवशी दुपारी बाराला घरी आलो असेन तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. दाराला कुलूप. समोरच्या वहिनींनी दार उघडून पाहिलं.

"भाऊजी, आज लवकर? वहिनी केळव्याला गेल्या असतील. आज नवमी ना?"

नवमीचा आणि केळव्याचा काय संबंध, हे मला कळेना. तिथं शीतलादेवीचं देऊळ आहे हे माहीत होतं. म्हटलं, नवस वगैरे असेल. किल्ली काढली, आत आलो, पाणी प्यालो. स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या जागी कुठल्याशा औषधाच्या दुकानानं दिलेली दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर पेनानं बारीक टिंबं होती. ती मी रोज बघायचो. दूधवाल्याच्या खाड्यांची नोंद ठेवली आहे असं मी धरून चाललो होतो आणि मनातल्या मनात बायकोला शाबासकीही दिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा जवळ जाऊन पाहिलं. अष्टमी, नवमी, दशमी. मग पंधरा दिवस सोडून परत अष्टमी, नवमी, दशमी. महिन्यातून दोनदा सलग तीन दिवस दांडी मारणारा दूधवाला! आणि मी स्टोअरकीपर. मागची पानं उलटली. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरच्या प्रत्येक महिन्यावर टिंबं होती.

स्कूटर काढली.

केळव्याच्या सुरूच्या झाडांखाली स्कूटर लावली तेव्हा एक वाजत आला होता. आडवार असल्यामुळं किनारा मोकळा. पाणी खूप लांब गेलं होतं. त्या घट्ट वाळूवर एक सायकल नागमोडी चालली होती आणि सायकलीवर माझी बायको होती. पंजाबी ड्रेस घालून. तिच्याकडे पंजाबी ड्रेस आहे हेही मला माहीत नव्हतं. मागं कॅरिअर धरून धावणारी बाई ओळखीची वाटली. ती बोईसरच्या बाजारात सकाळी वालपापडी आणि पानं विकायला बसणारी केळव्याची भाजीवाली होती. बायको तिच्याकडेच भाजी घ्यायची. अष्टमी ते दशमी इथं ओहोटी दुपारची असते; भाजी विकून झाली की ती परत जायची आणि माझी बायको तिच्याबरोबर.

"हँडल नको बगू, फुडं बग! फुडं!" भाजीवाली ओरडत होती. "तिकडं खाडी हाय, खाडीकडं बग!"

बायकोनं पुढं पाहिलं, सायकल चार हात नीट गेली आणि आडवी झाली. ती वाळूत बसून हसायला लागली. भाजीवालीही कमरेवर हात ठेवून हसत होती. असं हसताना बायकोला मी घरात कधी पाहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवलं. शोकेसमध्ये बारा कप आहेत हे मात्र मी झोपेतही सांगितलं असतं.

मी पुढं गेलो नाही. झाडाआड उभा राहिलो. मला राग आला होता, हे कबूल करतो. आधी तिचा, न सांगता आली म्हणून. मग भाजीवालीचा, कारण कॅरिअर माझं होतं, मी धरीन म्हणालो होतो. शेवटी उरलेला राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस झाडाआड लपून उभा होता. मी गुपचूप घरी आलो आणि ती पाचला घरात शिरली तेव्हा पेपर वाचत बसलो. "लवकर आलात?" तिनं विचारलं. वीज गेली होती म्हणालो. तिच्या कानामागं वाळू होती.

डिसेंबरात कागद आला. माझा शेवटचा, मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो. मी 'ठेवणे' या चौकोनात खूण केली आणि जानेवारीतल्या आठ दिवसांचा अर्ज सोबत दिला. ऑफिसातल्या पोरगेल्या क्लार्कनं कागद परत केला. "सर, चुकून खूण इकडं झाली." चुकून नाही म्हटल्यावर त्यानं हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" आमच्या औद्योगिक वसाहतीत माणूस सुट्टी घेतो तो एक तर कुणी मेलं म्हणून, नाही तर स्वतः मरायला टेकला म्हणून.

इमारतीत तर जवळजवळ सुतक पाळलं. रविवार उलटला, आमच्या दारात खोका येईना. वेल्डर दोनदा विचारून गेला. "कुछ नहीं उठाया?" काही नाही. "कुछ भी नहीं?" समोरचे भाऊ संध्याकाळी येऊन बसले, प्लास्टिकवर सरकत म्हणाले, "अडचण असेल तर सांगा हो, लाजू नका." आठ दिवस केळव्याला चाललोय म्हटलं. ते विचारात पडले. म्हणाले, "मग तिथून आणणार काय?"

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "कशाला? विकून टाका की," म्हणाली. "गादी बदलायची राहिली आहे ना?"

तरी ती आली. खोली तिनंच ठरवली, भाजीवालीच्या वाडीत मागच्या बाजूला. एक खाट, एक चटई, एक माठ, भिंतीला चार खिळे. कपडे टांगून झाल्यावर खोलीत करण्यासारखं काही उरलं नाही आणि मी अस्वस्थ झालो. पुसायला काही नाही, झाकायला काही नाही, कुलूप लावायलासुद्धा कडी धड नाही. भाजीवाली दारातून म्हणाली, "भावजी, आयतं बसायला जमंल ना तुमाला? नाय तर वालाच्या शेंगा सोलायला देतंय."

पहिल्याच दिवशी दुपारी आम्ही वाळूवर गेलो. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तिच्यामागं धावायचं म्हणून महिनाभर गुपचूप इमारतीच्या गच्चीवर फेऱ्या मारल्या होत्या. भाजीवालीची सायकल, मडगार्ड तारेनं बांधलेलं. बायकोनं ती धरली. मी मागं जाऊन कॅरिअरला हात घातला.

"हे काय करताय?" तिनं मान वळवून विचारलं.

"धरतोय. मागून धरायला माणूस लागतो ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं वाटलं असतं. "आता नाही लागत," म्हणाली. मग चपला काढून माझ्या हातात दिल्या, पिशवी खांद्याला अडकवली माझ्या, एक पाय पायडलवर ठेवला, दुसऱ्यानं दोनदा वाळू मागं सारली, आणि गेली. सरळ गेली. नोव्हेंबरात ती नागमोडी जात होती. मधल्या दोन महिन्यांतली टिंबं मी मोजली नव्हती.

ओहोटी रोज थोडी पुढं सरकायची, तसे आम्हीही. मी चपला घेऊन वाळूवर बसायचो. शनिवारी मुंबईच्या गाड्या आल्या आणि मला जरा करमणूक झाली. एक कुटुंब आमच्या जवळ उतरलं. त्यांना म्हणे दोन दिवस अगदी साधं राहायचं होतं. त्या साधेपणासाठी त्यांनी घड्या घालायच्या चार खुर्च्या, एक तंबू, बर्फाची पेटी, गाण्याचा डबा, शेगडी आणि वर उडवून फोटो काढायचं एक यंत्र आणलं होतं. तंबू उभारण्यात ओहोटी संपली. त्या घरातले गृहस्थ मातीच्या कपातून चहा पीत मला म्हणाले, "काका, तुम्ही लोक भाग्यवान. काही नसतं, तरी सुखी असता." मला बोईसरचा एसी आठवला. हसू आलं, पण त्यांना हसलो की मला, ते सांगता येणार नाही. जाताना त्यांनी वाडीतून एक गंजलेला कंदील विकत नेला. आठवण म्हणून.

बायको या कशाकडे बघत नव्हती. सात दिवसांत तिनं सगळा किनारा पालथा घातला. रोज घामेजून परत यायची, पाणी प्यायची आणि म्हणायची, कालच्यापेक्षा आज लांब गेले. मी म्हणायचो, वा. एकदा मी धीर करून म्हटलं, मीही धावतो तुझ्याबरोबर. शंभर पावलांत दम लागला. ती थांबली नाही. तिनं थांबावं असं मी सांगितलंही नव्हतं.

शेवटच्या दिवशी ओहोटी संध्याकाळवर आली. "आज खाडीपर्यंत जाते," ती म्हणाली. "तिथून तुम्हाला हात करते. बघाल ना?"

बघीन म्हणालो.

ती गेली. बराच वेळ दिसत होती. मग सायकल दिसेनाशी झाली, नुसती पाठ राहिली, मग तीही ठिपक्याएवढी. मी डोळ्यांवर हात धरून उभा होतो. तेवढ्यात पाणी परतायला लागलं. केळव्याचं पाणी समोरून येईल असं वाटतं, पण ते वाळूतल्या पन्हळीतून बाजूनं येतं. तिच्या चपला तिथंच ठेवल्या होत्या. एक भिजली, दुसरी तरंगायला लागली. मी धावलो. एक पकडली, दुसरीसाठी गुडघाभर पाण्यात गेलो, पिशवी वर धरली, माझे बूट आठवले, तेही उचलले. सगळं कोरड्या वाळूवर आणलं, मोजलं, चपलेतली वाळू झटकली. काही गेलं नाही. मला बरं वाटलं. एकतीस वर्षांची सवय; खरंच बरं वाटलं.

मान वर केली तेव्हा ती परत येत होती. जवळ आली, ब्रेक दाबला, पाय टेकवला. चेहरा लाल, केस सुटलेले, आणि लग्नाच्या वेळी होता तसा काहीतरी भाव डोळ्यांत.

"पाहिलंत?"

"पाहिलं ना," मी म्हणालो.

तिनं सायकल वळवून वाडीच्या वाटेला लावली.

"मी दोन्ही हात सोडून हात केला होता," ती म्हणाली. "तुम्ही केला नाहीत."

माझ्या एका हातात तिच्या चपला होत्या, दुसऱ्या हातात माझे बूट.